क्रेमोना : व्हायोलिनच्या गावी पहिल्यांदा जाताना

मिलानच्या आग्नेयेला साधारण ८५ किलोमीटरवर, पो नदीच्या काठी क्रेमोना आहे. आज आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो ते वाद्य सोळाव्या शतकात आंद्रेआ आमातीच्या हातून इथेच घडलं. त्याच्या मुलांनी काम पुढे नेलं. १६३० च्या प्लेगमध्ये घरातला जाणता कारागीर गेला आणि सगळी विद्या नातू निकोलो आमाती या एकट्याच्या हाती उरली. निकोलोने मग घराबाहेरच्या मुलांना शिकायला घेतलं. आंद्रेआ ग्वार्नेरी त्यांपैकीच एक. आंतोनियो स्त्रादिवारी आणि पुढे ग्वार्नेरी 'देल जेझू' ही जगप्रसिद्ध कारागिरांची नावं याच परंपरेतली. संगीतकार क्लाउदियो मोन्तेवेर्दीचा जन्मही १५६७ साली याच गावचा. गावात आजही शंभराहून जास्त कार्यशाळांत हाताने व्हायोलिन बनतात, आणि या कारागिरीला २०१२ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

मिलानहून सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे पुष्कळ असतात. त्यातले निम्मे काचेतली वाद्यं बघून, चौकात फोटो काढून जातात. क्रेमोना खरी कळते ती जुनं वाद्य वाजताना ऐकलं आणि नवं वाद्य घडताना पाहिलं की. म्हणून या दोन गोष्टींच्या वेळा आधी पक्क्या करा आणि गाडी, हॉटेल, जेवण त्यांच्याभोवती बसवा.

तारीख ठरवताना

संग्रहालय, म्हणजे म्युझेओ देल व्हिओलिनो, सोमवारी साधारणपणे बंद असतं. गावातली बरीच दुकानंही सोमवारी सकाळी उघडत नाहीत. सोमवारी आलात तर कॅथेड्रल आणि रिकामे रस्ते एवढंच हाती लागेल.

संग्रहालयातल्या ऐतिहासिक वाद्यांपैकी एखादं बाहेर काढून वादक ते प्रेक्षकांसमोर वाजवतो. या छोट्या कार्यक्रमाला तिथे 'आउदित्सिओने' म्हणतात. तो साधारण अर्ध्या तासाचा असतो, बहुतेक वेळा शनिवार-रविवारी दुपारी १२ च्या सुमारास होतो आणि त्याचं तिकीट प्रवेशाच्या तिकिटापेक्षा वेगळं असतं. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तारखा बघून आधी हे तिकीट काढा, मगच रेल्वेचं.

कार्यशाळा मात्र शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बहुधा बंद. त्यामुळे सगळ्यात सोयीची जुळणी अशी : शुक्रवारी दुपारी पोहोचा, त्या दिवशी एक-दोन कार्यशाळा बघा, रात्री मुक्काम करा, शनिवारी सकाळी संग्रहालय, १२ ला वादन, जेवण आणि संध्याकाळची गाडी. एकच दिवस असेल तर शनिवार धरा आणि एका कारागिराची सकाळची वेळ मागून बघा.

एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टच्या आगेमागे इटलीतली छोटी गावं सुट्टीवर जातात, कार्यशाळांच्या दारांवर चिठ्ठ्या लागतात आणि पोच्या खोऱ्यातला दमट उकाडा आपल्या मे महिन्याची आठवण करून देतो. डासही भरपूर. हिवाळ्यात दाट धुकं असतं. सप्टेंबरच्या शेवटी वाद्यांचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरतं. वाद्य विकत घ्यायचं असेल तर ते दिवस उत्तम, फक्त हॉटेल काही महिने आधी धरावं लागतं.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. ही किमान मुदत आहे, उन्हाळी सुट्टीच्या गर्दीत ती पुरत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा.

मिलानहून गाडी

मिलानो चेन्त्राले स्टेशनवरून क्रेमोनाला प्रादेशिक गाड्या जातात. थेट गाडीला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. फलकावर 'क्रेमोना' शोधत राहिलात तर गाडी हमखास चुकेल, कारण थेट गाडीचं शेवटचं स्थानक मान्तोवा असतं आणि फलकावर तेच नाव झळकतं. थेट गाड्या साधारण दोन तासांनी एक. मधल्या वेळेत कोदोन्यो किंवा त्रेविल्योला गाडी बदलून जाता येतं, पण पहिली गाडी थोडी जरी लेट झाली तरी पुढची हुकते. पहिल्या खेपेला थेट गाडीच घ्या.

या गाड्यांत आसन आरक्षण नसतं आणि भाडं ठरलेलं असतं. तेव्हा तिकीट महिनाभर आधी काढून काही वाचत नाही. कागदी तिकीट घेतलं तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, आणि तिकीट तपासनीस पर्यटक म्हणून सूट देईलच असं नाही. ॲपवर काढलेलं तिकीट गाडीत चढण्याआधी चालू करावं लागतं का, ते त्याच तिकिटावर लिहिलेलं असतं. तेवढं वाचा.

कोदोन्योच्या पुढे बराचसा मार्ग एकेरी रुळाचा आहे. समोरची गाडी उशिरा आली की आपली गाडी मधल्या स्थानकात थांबून राहते. १२ चं वादन गाठायचं असेल तर ११ ला पोहोचणारी गाडी पकडू नका, त्याच्या आधीची पकडा. शुक्रवारी संपाचीही शक्यता असते. 'शोपेरो' म्हणजे संप, हा शब्द लक्षात ठेवा. कामाच्या दिवशी संप असला तरी लोंबार्दी या इथल्या प्रांतातल्या प्रादेशिक गाड्यांपैकी ठरावीक गाड्या सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात सोडल्या जातात.

स्टेशनपासून चालत

टॅक्सी लागत नाही. स्टेशन गावाच्या उत्तर टोकाला आहे आणि मुख्य चौक तिथून १५-२० मिनिटांवर. बाहेर पडलं की आधी सान लुका चर्चकडे या आणि तिथून कोर्सो गारिबाल्दी हा रस्ता धरा. थोडं लांब पडलं तरी हाच धरा, कारण वाटेत दोन महत्त्वाच्या जागा लागतात. पहिला पालात्सो राइमोन्दी. हिऱ्याच्या पैलूंसारखे दगड बसवलेल्या दर्शनी भिंतीचा हा वाडा, इथे आता पाव्हिया विद्यापीठाचा संगीतशास्त्र विभाग आहे. दुसरी जागा ५७ क्रमांकाचं घर. लग्नानंतर, १६६७ ते १६८०, स्त्रादिवारी या घरात राहिला. बाहेरून घर अगदी साधं आहे, पाटी वाचली नाही तर सहज पुढे निघून जाल.

१६८० नंतरचं त्याचं घर आजच्या पियात्सा रोमाच्या जागेजवळ होतं. तिथल्या माडीवरच्या उघड्या सज्जात तो वॉर्निश केलेली वाद्यं उन्हावाऱ्यात टांगून ठेवायचा. ते घर पाडलं गेलं आणि १७३७ साली ज्या सान दोमेनिको चर्चमध्ये त्याला पुरलं, ते चर्चही एकोणिसाव्या शतकात पाडलं. अस्थी कुठे गेल्या त्याचा पत्ता नाही. पियात्सा रोमाच्या बागेत झाडांखाली आज फक्त स्मृतिशिळा आहे. समाधी शोधत स्मशानभूमीकडे जाऊ नका. बागेतल्या बाकावर पाच मिनिटं बसा.

संग्रहालयात कुठे वेळ घालवायचा

पियात्सा मार्कोनीमधल्या १९४० च्या दशकातल्या विटांच्या इमारतीत २०१३ साली हे संग्रहालय उघडलं. एकूण दहा दालनं आहेत. सगळीकडे सारखा वेळ दिला तर दोन तासांत थकाल आणि मुख्य वाद्यांपर्यंत पोहोचेपर्यंत डोळे मिटायला लागतील. सुरुवातीची इतिहासाची दालनं भरभर बघा आणि वेळ या तीन ठिकाणी द्या.

पहिलं, जिथे व्हायोलिन सुटं करून दाखवलं आहे ते. सत्तरहून जास्त लाकडी तुकडे जोडून एक व्हायोलिन होतं. वरची पाटी स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची, तळाची पाटी, बाजूच्या पट्ट्या आणि मान मेपलची. स्प्रूस हलकं आणि उभ्या रेषेत ताठ असतं, म्हणून ते पटकन थरथरतं. उत्तर इटलीतल्या व्हाल दी फिएम्मेच्या जंगलातलं स्प्रूस यासाठी नावाजलेलं आहे, तर मेपल पूर्वापार बाल्कनमधून येतं. क्रेमोनाची खूण म्हणजे आतला साचा. बाजूच्या पट्ट्या जेमतेम १ मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या तापलेल्या लोखंडावर वाकवून या साच्याभोवती बसवतात आणि सांगाडा तयार झाला की साचा काढून घेतात. सगळी जोडणी जनावराच्या सरसाने होते. हा सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, म्हणूनच तीनशे वर्षांचं वाद्यसुद्धा उघडून आतून दुरुस्त करता येतं.

दुसरं, स्त्रादिवारीच्या कार्यशाळेतल्या वस्तूंचं दालन. साचे, कागदी आराखडे, हत्यारं अशा सातशेहून जास्त वस्तू आहेत. वाद्य बनवणाऱ्या जुझेप्पे फिओरिनीने त्या १९३० साली गावाला देऊन टाकल्या. लाकडी साच्यांवर शाईने केलेल्या खुणा आणि कागदावर कंपास टोचल्याची बारीक भोकं नीट बघा. या माणसाने 'रहस्य' म्हणून काय लपवलं याच्या अनेक गोष्टी पसरल्या आहेत. इथे मात्र मोजमाप, रेघ आणि पुन्हा मोजमाप एवढंच दिसतं.

तिसरं दालन खजिन्याचं. आंद्रेआ आमातीने १५६६ च्या सुमारास फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स याच्या दरबारासाठी केलेलं व्हायोलिन इथे आहे, पाठीवरच्या सोनेरी रंगकामाच्या उरल्यासुरल्या खुणांसकट. निकोलो आमातीचं १६५८ चं, ग्वार्नेरी 'देल जेझू'चं १७३४ चं, आणि स्त्रादिवारीचं १७१५ चं 'इल क्रेमोनेझे', हे एकेकाळी योझेफ योआखिम या थोर वादकाकडे होतं.

काचेसमोर उभं राहून नेमकं काय बघायचं? कडेने फिरणारी काळी-पांढरी-काळी रेघ आधी शोधा. ती रंगवलेली नसते. पाटीत चर खोदून त्यात लाकडाच्या तीन बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात आणि तिन्ही मिळून रुंदी सव्वा मिलिमीटरच्या आसपास भरते. चारही टोकदार कोपऱ्यांत ही रेघ कशी मिळते, तिथे कारागिराचा हात दिसतो. मग वाद्याच्या मागे जा. तळपाटीच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी, त्या रेघेला लागून, एकेक लाकडी ठिपका दिसतो का पाहा. पाटी सांगाड्यावर नेमकी बसावी म्हणून मारलेल्या लाकडी खिळ्याच्या या खुणा. क्रेमोनाच्या जुन्या वाद्यांत त्या बऱ्याचदा अर्ध्या रेघेखाली गेलेल्या असतात. शेवटी थोडं डावी-उजवीकडे सरका. मेपलवरचे पट्टे उजेडाबरोबर जागा बदलतात, गडद असलेला पट्टा उजळतो.

बारा वाजता ऐकताना

वादन इमारतीतल्याच सभागृहात होतं. ध्वनिरचना यासुहिसा टोयोटा या जपानी तज्ज्ञाची. वाद्यासाठी जागा मधोमध आणि लाकडी बैठका चोहोबाजूंनी चढत गेलेल्या. दहा मिनिटं आधी आत जा. उशीर झाला तर दार उघडेलच असं नाही. फोन पूर्ण बंद करा, कंप पावणारा फोनही या सभागृहात ऐकू येतो.

आपले कान हिंदुस्थानी व्हायोलिनला सरावलेले असतात. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांच्या वादनात व्हायोलिन गळ्याच्या मागे जातं, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) महत्त्वाची आणि तारांची जुळणीही वेगळी. इथे एकट्या व्हायोलिनवर बहुधा युरोपीय रचना वाजतात आणि ऐकण्यासारखी गोष्ट म्हणजे वाद्याचा स्वतःचा आवाज. अगदी हळू वाजवलेला सूर शेवटच्या ओळीपर्यंत कसा पोहोचतो, जाड तारेवरून पातळ तारेकडे जाताना आवाजाचा पोत कसा बदलतो, तिकडे लक्ष द्या. ही वाद्यं अनंत काळ वाजवता येणार नाहीत, याची जाणीव गावाला आहे. २०१९ च्या जानेवारीत इथल्या निवडक वाद्यांचे सूर ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचं काम महिनाभराहून जास्त चाललं, तेव्हा सभागृहाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद केले होते आणि नागरिकांना आवाज न करण्याची विनंती केली होती.

कार्यशाळेत पाऊल ठेवताना

व्हायोलिन बनवणारा तो 'लिउताइओ' आणि त्याची कार्यशाळा ती 'बोत्तेगा'. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तुम्ही कधी गेला असाल तर वातावरण ओळखीचं वाटेल : रस्त्यालगतची खोली, लाकडाचा भुसा, टांगलेली अर्धी वाद्यं. फरक असा की क्रेमोनात बऱ्याच कार्यशाळा वरच्या मजल्यावर किंवा इमारतीच्या आतल्या चौकात असतात आणि दारावर फक्त घंटीजवळ नाव असतं.

आठ-दहा दिवस आधी ईमेल पाठवा. साध्या इंग्रजीत चार ओळी पुरतात : कोण, कधी, किती जण, वाद्य घ्यायचं आहे की फक्त काम बघायचं आहे. शेवटची गोष्ट खरी सांगा. घ्यायचं नसतानाही बरेच कारागीर आनंदाने वेळ देतात, पण ग्राहक असल्याचं भासवून गेलात तर त्यांचा अर्धा दिवस वाया जातो. एक कारागीर वर्षाला तीन ते सहा वाद्यं करतो, यावरून त्याच्या एका तासाची किंमत समजून घ्या. दोन किंवा तीन जणच जा, २०-३० मिनिटांत निघा.

आत गेल्यावर पाठीवरची पिशवी दाराशी उतरवा. वळताना पाठपिशवीचा धक्का लागूनच वाद्यं पडतात. विचारल्याशिवाय काही उचलू नका. हातात दिलं तर एका हाताने मान धरा, दुसऱ्या हाताने हनुवटीच्या बाजूचा खालचा काठ. वाद्याच्या वरच्या किंवा तळाच्या पाटीवर बोटं टेकवायची नाहीत, कारण ताज्या वॉर्निशला घामाचा आणि तेलाचा डाग लगेच पडतो आणि तो पुसून जात नाही. फोटोआधी परवानगी घ्या. 'साउंडपोस्ट' दाखवायला सांगा. दोन पाट्यांच्या मध्ये उभी केलेली, करंगळीहून बारीक, सुमारे ६ मिलिमीटर जाडीची स्प्रूसची काडी. ती चिकटवलेली नसते, नुसती दाबावर उभी असते. जरा सरकवली की वाद्याचा आवाजच बदलतो. इटालियनमध्ये तिला 'आनिमा' म्हणतात, म्हणजे आत्मा.

मनोरा

मुख्य चौकातला तोर्रात्सो हा विटांचा घंटामनोरा ११२ मीटर उंच आहे. ५०२ पायऱ्या, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर खालूनच बघा, त्यावरचं सोळाव्या शतकातलं खगोलीय घड्याळ चौकातूनच नीट दिसतं. वादनाच्या आधी चढू नका, धापा टाकत सभागृहात बसणं बरं नाही. शेजारचं कॅथेड्रल दुपारी काही वेळ बंद होतं, म्हणून ते सकाळीच उरका.

जेवण, विशेषतः शाकाहारींसाठी

स्वयंपाकघरं दुपारी साधारण १२.३० ते २.३० आणि रात्री ७.३० नंतर चालू असतात. वादन संपल्यावर रेंगाळलात तर ३ वाजता फक्त कॉफी मिळेल. वादनाच्या दिवशी १ वाजताचं टेबल आधी सांगून ठेवा.

गावची ओळख असलेली 'मारुबिनी' म्हणजे मांसाचं सारण भरलेली पास्त्याची पुडी, तीही मांसाच्या रश्शात. शाकाहारींनी 'तोर्तेल्ली दी झुक्का' मागावी, भोपळ्याचं सारण असतं, मात्र पास्त्यात अंडं असतं. रिसोत्तो (मऊसर भात) भाजीचा दिसला तरी मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, 'ब्रोदो दी कार्ने?' असं विचारा. ग्राना पादानो चीज वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) घालून होतं, काटेकोर पाळणाऱ्यांनी ते टाळावं. तोर्रोने हा मध आणि बदामाचा कडक गोड पदार्थ घरी न्यायला छान, पण त्यात अंड्याचा पांढरा भाग असतो. 'मोस्तार्दा' निर्धास्त घ्या : अख्खी फळं साखरेच्या पाकात मुरवून त्यात मोहरीचा अर्क घातलेला. पहिला घास मुरंब्यासारखा लागतो आणि मग फेसलेल्या मोहरीचा झणका थेट नाकात जातो. बाटली काचेची आणि पाकाची असते, ती विमानात सामानाच्या बॅगेतच ठेवा.

वाद्य घ्यायचंच असेल तर

पहिल्याच भेटीत घेऊ नका. दोन-तीन कारागिरांची वाद्यं एकाच बोने (गजाने), शक्यतो स्वतःच्या, वाजवून बघा. बो बदलला की आवाजातला फरक वाद्याचा की बोचा ते कळत नाही. कारागिराच्या सहीचं प्रमाणपत्र, वाद्याचे फोटो आणि पक्कं बिल घ्या. युरोपीय संघाबाहेरच्या रहिवाशांना कराचा परतावा मिळतो. त्यासाठी दुकानदाराने खरेदीच्या वेळीच अर्ज भरायला हवा आणि युरोपातून निघतानाच्या शेवटच्या विमानतळावर, बॅग देण्याआधी, कस्टम्सला वाद्य दाखवून शिक्का घ्यायला हवा. भारतात उतरल्यावर लाल मार्गिकेतून जाऊन बिल दाखवा. उलट, स्वतःचं व्हायोलिन इथून घेऊन जाणार असाल तर निघतानाच भारतीय कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, नाहीतर परतताना ते तुमचंच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. जुना बो घेताना हस्तिदंत किंवा कासवाचं कवच नाही याची लेखी खात्री हवी.

व्हायोलिनची पेटी सुमारे ८० सेंटिमीटर लांब, म्हणजे केबिन बॅगेच्या मापाबाहेर. विमान कंपनीचा वाद्यांबाबतचा नियम छापून जवळ ठेवा. तारा किंचित सैल करा, पण सगळ्या एकदम उतरवू नका. दाब गेला की आत नुसती उभी असलेली आनिमा पडते आणि ती पुन्हा उभी करायला तज्ज्ञच लागतो. घरी पोहोचल्यावर पेटी लगेच उघडू नका, काही तास खोलीच्या हवेला रुळू द्या. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सरसाचे सांधे सैल पडतात आणि खुंट्या फुगून अडकतात. पेटीत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल ठेवा, आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. आणि काठाशी सांधा सुटलेला दिसला तर घरचा फेव्हिकॉल लावू नका. सरसाचा सांधा पुन्हा उघडतो, फेव्हिकॉलचा उघडताना लाकूड घेऊन येतो.